मुक्या यंत्राचा पहिला शब्द

अंध माणूस संगणकावर काम करतो, हे ऐकून आता पूर्वीइतके आश्चर्य कोणाला वाटत नाही. बँकेच्या खिडकीमागे, महाविद्यालयात, वकिलाच्या कचेरीत अशी माणसे आपापले काम निमूटपणे करताना आपण पाहतो. पडद्यावर उमटलेली अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांच्या दिमतीला असतो. इंग्रजीत त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला पडदावाचक म्हणू. कळ दाबली की कोणते अक्षर उमटले ते तो सांगतो, पत्र आले की वाचून दाखवतो, हिशेबाच्या कोष्टकात आपण कोणत्या घरात आहोत याची आठवण देतो. ज्याला हे साधन मिळाले त्याला वाचनासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागत नाही.

तथापि या सोयीत एक मोठी उणीव कित्येक वर्षे राहून गेली होती आणि डोळस माणसाच्या ती सहसा ध्यानात येत नाही. पडदावाचक हा संगणकातला भाडेकरू आहे. संगणकाची मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हे घर. ते बांधून झाले की मग त्यात हा भाडेकरू राहावयास येणार. परंतु घरच उभे नसेल तर? नवा संगणक घेतला आणि त्यात कार्यप्रणाली घालावयाची आहे, किंवा जुनी एका सकाळी बिघडली आणि पुन्हा घालणे भाग आहे, अशा वेळी वाचून दाखवणारा कोणीच नसतो. जो वाट दाखवणार तो त्या वाटेच्या शेवटच्या टोकाला उभा, आणि वाट मात्र त्याच्याविना चालावयाची! ही वाट बोलकी कशी झाली, ती कोणी केली आणि अजून कोठे मुकी आहे, याचा विचार या महिन्यात करू.

कार्यप्रणाली यंत्रात बसवणाऱ्या प्रोग्रामला इन्स्टॉलर म्हणतात. आजकाल तो बहुधा पेनड्राइव्हवर असतो. यंत्र सुरू केले की तो जागा होतो आणि मालकाला एकामागून एक प्रश्न विचारू लागतो. भाषा कोणती हवी? कळफलक कोणत्या धाटणीचा? आपण कोणत्या देशात राहता? यंत्राला नाव काय द्यावे? साठवणीच्या कोणत्या डिस्कवर कार्यप्रणाली घालावी, आणि तेथे आधी असलेले सगळे पुसून टाकावे काय? वापरणाऱ्याचे नाव काय, आणि त्याचा पासवर्ड काय? डोळस माणूस यांतील निम्मे प्रश्न न वाचताच पुढे ढकलतो आणि अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होतो.

हेच प्रश्न मुक्या पडद्यावर उमटत आहेत असे समजा. अंध मनुष्य कळ दाबतो. काही घडले की नाही हे त्याला कळत नाही. प्रश्न पुढचा आला की मागचाच उभा आहे, हेही कळत नाही. त्यात डिस्कचा प्रश्न फार घातकी. एकाच यंत्रात दोन डिस्क असतील, एक रिकामी आणि दुसरीत दहा वर्षांची पत्रे, हिशेब, ध्वनिमुद्रिते असतील, तर एक चुकीची कळ आणि सगळे स्वाहा! म्हणून बहुतेक अंध माणसे हे काम स्वतः करीतच नसत. एखाद्या भाच्याला, शेजारच्या विद्यार्थ्याला किंवा दुकानातल्या कारागिराला बोलवावे, त्याच्या सवडीने तो येईल, आणि तोवर यंत्र झाकून ठेवावे, अशी रीत होती.

यात वेळ जातो हे तर उघडच आहे. परंतु त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट पासवर्डची आहे. पासवर्ड ही आजच्या संसारातली तिजोरीची किल्ली. पत्रव्यवहार, बँकेचे खाते, औषधोपचाराची कागदपत्रे, मृत्युपत्राचा मसुदा हे सारे तिच्या आत. ही किल्ली घडवतानाच परका माणूस शेजारी बसलेला असतो आणि मालक ती त्याला तोंडाने सांगतो, हा प्रसंग अंध माणसाच्या वाट्याला नेहमी येत आला आहे. तो परका माणूस प्रामाणिक असेलही; बहुधा असतोच. पण आपल्यापैकी किती जण आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातून पाडून घेतील? मदतीला आलेला माणूस आपल्या सोयीसाठी यंत्राची मांडणीही आपल्या मनाप्रमाणे करून जातो. मग पुढची दोन वर्षे मालक भाडेकरूसारखा वागतो. तेव्हा इन्स्टॉलर बोलता करणे हे केवळ यंत्रशास्त्राचे कोडे नाही. आपल्या घरात आपली सत्ता असावी की नसावी, हा त्यातला प्रश्न आहे.

आता यंत्राला वाचा कशी फुटते ते पाहू. याचे दोन मार्ग आहेत, आणि इतिहासात ते एकामागून एक आले.

पहिला मार्ग वेगळ्या पेटीचा. १९८४ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने डेकटॉक नावाचे एक बोलणारे यंत्र बाजारात आणले. त्यामागे डेनिस क्लॅट या ध्वनिशास्त्रज्ञाचे संशोधन होते. संगणकातून तारेने अक्षरे पाठवावीत, ती या पेटीने उच्चारावीत, अशी ती योजना. किंमत सुमारे चार हजार डॉलर. म्हणजे ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हतीच. पुढे अशा लहान व स्वस्त पेट्या निघाल्या. या पेट्यांचा एक गुण मोठा होता. संगणकाच्या पोटात ध्वनीची व्यवस्था असो वा नसो, ती जागी झालेली असो वा नसो, साध्या तारेतून अक्षरे मिळाली की पेटी बोलू लागे.

मग उरला प्रश्न तो तारेत अक्षरे सोडणाऱ्याचा. पडदावाचक इतर प्रोग्रामांच्या रांगेत उभा राहिला तर त्याची पाळी येईतो यंत्राचे निम्मे सांगणे संपून गेलेले असते. कॅनडातील कर्क रायझर या अंध गृहस्थांनी यावर उपाय काढला. लिनक्स ही कार्यप्रणाली मुक्त आहे. तिचा आराखडा कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. त्या प्रणालीच्या अगदी गाभ्यात, जो सर्वांत आधी जागा होतो त्या भागात, त्यांनी आपला पडदावाचक बसवला. त्याचे नाव स्पीकअप. हे काम विसाव्या शतकाच्या अखेरीचे. गाभा जागा होतो तोच बोलत जागा होतो, म्हणून यंत्र सुरू होताना पडद्यावर धावणाऱ्या ओळीही अंध माणसाला ऐकता येऊ लागल्या. वर्षानुवर्षे स्पीकअप हे बाहेरून जोडावयाचे ठिगळ होते. २०१० च्या सुमारास ते लिनक्सच्या मूळ आराखड्यात उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि २०२० साली त्याला तेथे कायमची जागा मिळाली. उमेदवारी दहा वर्षे चालली, यावरून अशा कामाला किती चिकाटी लागते याची कल्पना यावी.

दुसरा मार्ग पेटीवाचून बोलण्याचा. प्रत्येक संगणकात आता ध्वनीची व्यवस्था असतेच. तेव्हा उच्चार तयार करण्याचे काम एखाद्या प्रोग्रामनेच केले तर वेगळी पेटी विकत घेण्याचे कारण उरत नाही. जोनाथन डडिंग्टन या इंग्रज प्रोग्रामरने १९९५ साली एकॉर्न संगणकांसाठी असा एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. २००६ पासून तो ई-स्पीक या नावाने मुक्तपणे सर्वांना मिळू लागला. २०१५ पासून त्याची ई-स्पीक एनजी ही पुढची पिढी इतर स्वयंसेवक सांभाळत आहेत. या प्रोग्रामात कोणा माणसाचा मुद्रित आवाज नाही. स्वरांची कंपने गणिताने घडवून तो बोलतो, म्हणून त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. परंतु त्यामुळेच तो अवघ्या काही मेगाबाइटांत मावतो आणि इन्स्टॉलरच्या इवल्याशा शिदोरीत सहज बसतो. शिवाय सवयीचे अंध वाचक तो आपल्या बोलण्याच्या कितीतरी पट वेगाने ऐकतात, आणि त्या वेगात मंजुळ आवाजापेक्षा हा डब्याचा आवाजच अधिक स्पष्ट लागतो असे त्यांच्यापैकी अनेक जण सांगतात.

हे दोन मार्ग एकत्र आले ते डेबियन नावाच्या लिनक्स संग्रहात. डेबियन हे कोणा कंपनीचे नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. त्यांच्यापैकी ऑस्ट्रियाचे मारिओ लांग हे स्वतः अंध, आणि फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात शिकवणारे सॅम्युएल तिबो हे त्यांचे सहकारी. या आणि अशा इतर मंडळींनी इन्स्टॉलरमध्येच स्पीकअप, ई-स्पीक आणि या दोहोंना जोडणारा एक छोटा दुवा बसवला. ज्यांना ब्रेल येते त्यांच्यासाठी बोटांखाली ठिपके उठवणाऱ्या ब्रेल पट्टीचीही सोय केली. २०१३ च्या मे महिन्यात डेबियनची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा, अंध माणसाला आता ब्रेल पट्टीवाचूनही, केवळ बोलण्याच्या आधारे डेबियन बसवता येईल, असे तिच्या घोषणेतच ठळकपणे नमूद केले होते.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते सांगण्यासारखे आहे. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले की निवडीचा पहिला पडदा येतो आणि त्या क्षणी यंत्र 'बीप' असा आवाज करते. जुन्या धाटणीच्या यंत्रांवर हा आवाज एकदा होतो, नव्या धाटणीच्या यंत्रांवर दोनदा. तो ऐकला की एस ही कळ दाबावी आणि मग एंटर. थोड्या वेळाने वाचा सुरू होते. यंत्रात आवाजाची एकाहून अधिक साधने असली, तर ते प्रत्येकातून आळीपाळीने बोलून पाहते. ज्यातून आपल्याला ऐकू आले त्या वेळी आपण एंटर दाबावयाचे. आंधळ्या माणसाला 'कोणते साधन हवे' असे पडद्यावर विचारण्यात अर्थ नाही, हे ओळखून ही युक्ती योजली आहे. पुढचे प्रश्न क्रमांक लावून येतात. हव्या त्या पर्यायाचा आकडा टंकावा आणि एंटर दाबावे. बोलणे संथ वाटले तर कॅप्स लॉक आणि सहाचा आकडा एकत्र दाबून वेग वाढवावा. काम पुरे झाल्यावर नवी कार्यप्रणाली उघडते तीही बोलतच उघडते, कारण इन्स्टॉलर आपली वाचा तिच्यात ठेवून जातो.

यावर पुढे आणखी एक सुधारणा झाली आणि ती मला फार मोलाची वाटते. पहिल्या पडद्यावर तीस सेकंद कोणीही कोणतीच कळ दाबली नाही, तर इन्स्टॉलर आपण होऊन बोलू लागतो. ज्याला एस ही कळ माहीतच नाही, जो केवळ गोंधळून बसून राहिला आहे, त्याच्यापर्यंतही यामुळे आवाज पोहोचतो. डोळस माणूस अर्ध्या मिनिटात काही ना काही दाबतोच. तेव्हा त्याला याचा त्रास नाही. दाराशी आलेला पाहुणा बोलत नसेल तर यजमानाने आधी बोलावे, हा साधा शिष्टाचार येथे यंत्राला शिकवला आहे.

कंपन्यांनी बनवलेल्या प्रणालींचा इतिहास थोडा वेगळा आहे. १९७८ साली अपघातात दृष्टी गेलेले अमेरिकेतील मोटरसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांनी १९८९ साली जॉज हा पडदावाचक बाजारात आणला, आणि पुढे तो जगभर पसरला. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने एनव्हीडीए हा विनामूल्य पडदावाचक लिहावयास घेतला. त्याचा तितकाच अंध मित्र जेम्स टेह पुढे त्याला येऊन मिळाला. परंतु हे दोन्ही भाडेकरूच. घर बांधून झाल्यावर येणारे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये नॅरेटर हा आपला लहानसा वाचक घातला होता, पण विंडोज बसवण्याचा पडदा मुकाच राहिला. तो २०१७ साली बोलका झाला. आता तेथे कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर बोलू लागतो. म्हणजे वाचक घरात आला आणि अंगणात यावयास त्याला सतरा वर्षे लागली! ॲपल कंपनीने २००५ च्या एप्रिलमध्ये टायगर या आवृत्तीपासून व्हॉइसओव्हर हा पडदावाचक मूळ प्रणालीतच दिला. आज नवा मॅक उघडून प्रथम मांडणीच्या पडद्यावर काही वेळ स्वस्थ बसले, तर तो आपण होऊन बोलतो आणि व्हॉइसओव्हर कसे सुरू करावे ते सांगतो.

येथे एका पुणेकराचे नाव घेणे अगत्याचे आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, मग मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणक्रम. गणिताची किचकट सूत्रे कानाला कशी ऐकवावीत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी ईमॅक्सपीक हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्यामागचा विचार आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. पडद्यावर जे दिसते ते डावीकडून उजवीकडे वाचत सुटणे हे खरे वाचन नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले. पंचांगातला आजचा वार सांगावयाचा असेल तर महिन्याचा चौकोन वाचून दाखवण्याऐवजी 'आज मंगळवार, सात तारीख' असे सांगावे. डोळ्यासाठी रचलेले चित्र कानासाठी नव्याने रचावे लागते.

डेबियनच्या बोलक्या इन्स्टॉलरमध्ये हेच तत्त्व दिसते. डोळसांसाठी त्यांच्याकडे रंगीत चौकटींचा पडदाही आहे. पण बोलण्याच्या वेळी तो बाजूला ठेवून साधी प्रश्नोत्तरांची रीत वापरली जाते. प्रश्न ऐका, पर्याय ऐका, आकडा सांगा. घरातले वडीलधारे माणूस अर्ज भरून घेताना जसे विचारील तसे. उलट, नुसत्या चित्रांच्या बटणांवर सगळी भिस्त ठेवली आणि त्या बटणांना नावेच दिली नाहीत, तर पडदावाचक बिचारा 'बटण, बटण, बटण' एवढेच सांगू शकतो. काही इन्स्टॉलर आजही बोलत असून उपयोगी पडत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असते.

अडचणी अर्थातच संपलेल्या नाहीत. कार्यप्रणालीच्याही आधी यंत्राच्या मूळ चिपमधला एक प्रोग्राम जागा होतो. पेनड्राइव्हवरून सुरू व्हावे की डिस्कवरून, हे ठरवणारा पडदा त्याचा. बायॉस किंवा यूईएफआय या नावांनी तो ओळखला जातो, आणि बहुतेक यंत्रांत तो आजही पूर्ण मुका आहे. बोलका इन्स्टॉलर हाती आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची पायरी मुकी, अशी ही अवस्था. अनेक अंध माणसे या पडद्यावरच्या कळांचा क्रम पाठ करून ठेवतात, आणि यंत्र बदलले की तो क्रमही बदलतो.

दुसरी अडचण शांततेची. डोळस माणसाला पडद्यावर पुढे सरकणारी पट्टी दिसते, तेव्हा यंत्र काम करीत आहे हे कळते. अंध माणसाला मात्र विचारात पडलेले यंत्र आणि बंद पडलेले यंत्र एकसारखेच ऐकू येते. म्हणून चांगला इन्स्टॉलर मधून मधून 'वीस टक्के झाले, तीस टक्के झाले' असे सांगत राहतो. ही बाब क्षुल्लक वाटेल; पण अधीर होऊन मध्येच यंत्र बंद केल्याने काम बिघडते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

तिसरी अडचण राखणीची आहे. नवी आवृत्ती येते, आवाजाची व्यवस्था कोठेतरी तुटते, आणि तपासणारे सगळे डोळस असल्यामुळे कोणाच्या ते लक्षातच येत नाही. त्यांचा पडदा तर ठीक दिसत असतो! म्हणून प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी कोणीतरी डोळे मिटून, केवळ कानाने ती बसवून पाहिली पाहिजे. एकदा दिलेली वाचा टिकवण्याचे काम ती देण्याइतकेच कष्टाचे आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांत 'भाषा कोणती?' हा प्रश्न रोजचाच आहे. घरात एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. डेबियनच्या इन्स्टॉलरचा हाच पहिला प्रश्न असतो. तो इंग्रजीतून ऐकू येतो. त्यानंतरचे बोलणे आपण निवडलेल्या भाषेत व्हावे, मात्र ती भाषा ई-स्पीकला येत असली पाहिजे, असा नियम आहे. ई-स्पीक एनजीला मराठी येते. इन्स्टॉलरमधील वाक्यांचा मराठी अनुवादही स्वयंसेवकांनी केला असून २००९ साली आलेल्या डेबियनच्या पाचव्या आवृत्तीपासून तो त्यात आहे. अर्थात पहिला प्रश्न इंग्रजीत असल्यामुळे, इंग्रजी न जाणणाऱ्याला उंबरठ्याशी कोणाचा तरी हात लागतोच.

यंत्राला मराठी वाचावयास शिकवणे हे काम आपल्याला वाटते तितके सोपे नाही. आपली लिपी उच्चाराप्रमाणे आहे असा आपला अभिमान. पण 'चमचा' आणि 'चंद्र' या दोन शब्दांतला आरंभीचा च आपण एकसारखा उच्चारतो का? 'चाक' मधला च वेगळा, 'चार' मधला वेगळा. 'जहाज' आणि 'जीव' यांतल्या ज चीही तीच गोष्ट. लिहिताना मात्र अक्षर एकच. 'घर' लिहिताना र पूर्ण लिहितो आणि बोलताना त्यातला अ गिळतो. हिंदीचे नियम जसेच्या तसे मराठीला लावले तर यंत्र 'चाक' चा उच्चार इंदूरच्या बाजारातल्या हिंदीसारखा करील, आणि आजोबा विचारतील, 'हा कोण बोलतो आहे?' हे भेद यंत्राला सांगावयाचे तर ते जाणणारी माणसे लागतात. संगणक न येणारा, पण मराठीचा कान असलेला शिक्षकही या कामात भर घालू शकतो. मुक्त प्रोग्रामांत अशा मदतीला दार उघडे असते.

हा विषय थोड्या लोकांचा आहे, असे कोणाला वाटल्यास त्याने आपल्याच घराकडे पाहावे. जन्मांध माणसे थोडी असतील; पण काचबिंदू आणि मधुमेहाने बिघडलेले नेत्रपटल यांनी उतारवयात दृष्टी गमावणारे आजी-आजोबा आपल्या ओळखीत असतातच. ज्यांनी जन्मभर हिशेब स्वतः लिहिले, पत्रे स्वतः लिहिली, त्यांना सत्तराव्या वर्षी प्रत्येक पासवर्डासाठी नातवाला हाक मारावी लागते, याचे दुःख ते बोलून दाखवीत नाहीत इतकेच.

कायदाही आता या बाजूने उभा आहे. २०१६ साली संमत झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, रोजच्या वापरातील इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेच्या मिळाव्यात, यासाठी शासनाने उपाय योजावेत असे म्हटले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. अॅसिडहल्ल्यात सापडलेल्या आणि अंध व्यक्तींना बँकेसाठी ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवा असे यंत्र सांगते, त्या अडचणीतून ते प्रकरण उभे राहिले होते. कायद्याने दुकानातले यंत्र एका रात्रीत बोलणार नाही हे खरे. पण ते बोलावे असे मागण्याचा अधिकार मात्र पक्का झाला.

आपल्याकडून काय होण्यासारखे आहे? घरात कोणी अंध किंवा मंददृष्टी असेल आणि नवा संगणक घ्यावयाचा असेल, तर दुकानदाराला 'सगळे घालून द्या' असे न सांगता, मांडणीचे काम घरी, त्या व्यक्तीच्या हातून होईल असे पाहावे. विंडोज असेल तर वर सांगितलेल्या तीन कळा, मॅक असेल तर कमांड आणि एफ५ या दोन कळा आणि डेबियन असेल तर एस ही कळ, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे. बायॉसच्या मुक्या पडद्यापुरते आपले डोळे द्यावेत, आणि ते देताना प्रत्येक ओळ जशी आहे तशी वाचावी. 'तुम्ही राहू द्या, मी करतो' असे म्हणून कळफलक ओढून घेऊ नये. डिस्कच्या प्रश्नाशी दोघांनी थांबावे आणि उत्तर त्यांनी द्यावे. नंतर पासवर्डाचा प्रश्न येईल, तेव्हा मात्र आपण उठून स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवावयास जावे. परत येईतो यंत्राने पुढचा प्रश्न विचारलेला असेल आणि त्याचे उत्तरही त्यांनी दिलेले असेल.